थोरला आधी

पहिल्यांदा पाठवलेला संगणकाचा ड्रायव्हर परत आला, तो माणसाकडून नव्हे, यंत्राकडून. सबुरीरावांनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा तुमच्या मेल प्रोग्रामने विस्कटल्या आहेत, त्यामुळे हा मजकूर बसवता येत नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं. खाली ना सही, ना आपला, ना आपली.

"माणसानं वाचायच्या आधीच रखवालदारानं दारातून हाकलला," ते म्हणाले.

"बरं झालं," शेजारच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. शिवणयंत्रावर तिचे पडदे चालले होते. "माणसानं हाकलला असता तर आठवडाभर नीट जेवला नसतात."

खोटं नव्हतं ते. सबुरीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभ्या नोकरीत कोणी काहीही विचारलं की ते "जरा सबुरीनं घेऊ" म्हणायचे, त्यावरून पडलेलं. लोकांना ती सबुरी वाटायची. ती खरं तर भीती होती. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या नजरेला पडणार म्हटलं की ते आधी लपवून ठेवायला बघायचे, आणि आता तर ते साऱ्या जगाच्या चव्हाट्यावर मांडायचं होतं.

भानगड अशी होती. फार पूर्वी एका छापखान्याच्या माडीवर दोन खोल्यांची एक कंपनी होती. तिथे संगणकांना एकमेकांशी जोडणारं एक नेटवर्क कार्ड तयार झालं. कार्ड बनवलं जोडीदार ठोकेरावांनी आणि कार्ड व संगणक यांच्यामध्ये उभा राहून याचं त्याला सांगणारा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, लिहिला सबुरीरावांनी. कंपनी बुडाली, पण कार्डं काही मरेनात. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरांत लोखंडी कपाटांमध्ये ती अजून बसून होती आणि टाकीत पाणी किती आहे ते मुख्य कचेरीला छोट्या छोट्या गठ्ठ्यांत, म्हणजे पॅकेटांत, इमानेइतबारे कळवत होती.

तिथली संगणक प्रणाली मुक्त होती, कोणीही उघडून पाहावी अशी. तिच्या गाभ्याला त्या धंद्यात कर्नल म्हणतात. हा कर्नल सारखा बदलतो. जे ड्रायव्हर त्याच्या आत असतात, त्यांना बदल करणारेच सांभाळून घेतात. घरात घेतलेल्या पोराच्या जेवणाची जबाबदारी साऱ्या घराची, तसं. सबुरीरावांचा ड्रायव्हर मात्र कायम उंबऱ्याबाहेर राहिलेला. कर्नल बदलला की तो मोडायचा आणि सबुरीराव घरी बसून तो दुरुस्त करून पाठवायचे. एका डोळ्यात आता मोतीबिंदू उतरला होता. आणि परवा पाणीपुरवठ्याच्या अभियंता बाईंचा फोन आला.

"काका, आम्ही नव्या कर्नलवर चाललोय. जे कर्नलच्या आत आहे तेवढंच ठेवायचं, असं वरून आलंय. तुमचा ड्रायव्हर आत गेला तर कार्डं राहतील. नाही तर सगळी भंगारात."

"माझ्यानंतर कोण बघणार, हा प्रश्न होताच म्हणा," सबुरीराव म्हणाले.

"अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला!" बाई कळवळून म्हणाल्या. पण मुद्दा तोच होता आणि दोघांनाही तो कळला होता.

तर सबुरीरावांनी मेल प्रोग्राम बदलला, ड्रायव्हर पुन्हा पाठवला, आणि या खेपेला रखवालदाराने आत सोडलं.

कर्नलमध्ये काही घालायचं तर ते सगळ्यांसमोर पत्रातून पाठवावं लागतं. जाणती माणसं ते ओळीओळीने वाचतात, चुका काढतात, मग सुधारलेली आवृत्ती पाठवायची, पुन्हा चुका. वाचणाऱ्याचं समाधान झालं की तो 'मी वाचलं' अशी ओळ आपल्या नावानिशी देतो. कोणी चालवून पाहिलं असेल तर 'मी तपासलं' अशी नावाची ओळ. या ओळी ड्रायव्हरबरोबर कायमच्या राहतात. साक्षच ती.

सबुरीरावांच्या वाट्याला आलेल्या परीक्षकबाई कुठल्या कोपऱ्यात राहतात, कोण जाणे. त्यांचं पहिलं उत्तर आलं तेव्हा सबुरीरावांनी ते उघडायच्या आधी आंघोळ उरकून घेतली.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"म्हणतायत, प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याच्या, सुरुवातीला ज्या नावांच्या ओळी लिहिता, त्या लांबीच्या उतरत्या क्रमानं मांडा. सर्वांत लांब ओळ वर, सर्वांत आखूड खाली. आमच्या विभागाचा रिवाज आहे."

"त्यानं कार्ड जास्त पळतं?"

"छे. दिसायला नीट."

"मोठा डबा मागं, छोटा पुढं. जन्मभर हेच सांगतेय मी तुम्हाला. माझं ऐकलं नाहीत, आता त्या बाईंचं ऐका."

बाई निवडून टिपून वाचत होत्या. हे तुम्ही हातानं का लिहिलंत, कर्नलमध्ये तयार आहे. इथे चूक झाली तर आधी घेतलेली मेमरीतली जागा परत करायला विसरलात. ही टीप खोटी आहे, खालची ओळ तसं करत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ड्रायव्हर पाऊण झाला, तिसरीत निम्मा. आधी सबुरीरावांना अंगावरचे कपडे कोणी उतरवून घेतंय असं वाटलं. मग हळूहळू वेगळंच वाटायला लागलं. सकाळी उठून ते आधी पत्र आलंय का बघू लागले. या बाईंनी प्रत्येक ओळ वाचली होती. कशी आहे ते पाहायला, नुसतं चाळायला नव्हे. असं आपलं कोणी वाचलं त्याला किती काळ लोटला, याचा विचार करता करता त्यांच्यापुढे ठोकेराव उभे राहिले.

ठोकेराव हे नावही असंच पडलेलं. कोणतंही यंत्र हाती आलं की ते आधी बोटाच्या पेराने त्याला ठोकून बघायचे. माडीवरच्या त्या दोन खोल्यांत दोघांची रोज जुंपायची, आणि ती बहुतेक एकाच गोष्टीवरून. मोठा आकडा संगणकात दोन तुकडे करून ठेवावा लागतो. बहुतेक मशिनं धाकटा तुकडा आधी ठेवतात आणि थोरला मागून. ठोकेरावांनी कार्डात थोरला आधी ठेवला.

"ठोक्या, सगळं जग धाकटा आधी ठेवतं!"

"जगाला वळण नाही त्याला मी काय करू? थोरल्याचा मान आधी. सबुऱ्या, तू तुझा दुभाष्या शिकव."

मग सबुरीराव प्रत्येक आकडा उलटा करून कार्डाला द्यायचे आणि प्रत्येक आकड्याला एक शिवी हासडायचे. ठोकेराव त्यांच्या कोडमधली ओळ न् ओळ वाचून "हे काय गवत उगवलंय?" म्हणून ओरडायचे. खालचे छापखानेवाले वर येऊन विचारायचे, मारामारी चाललीय की काम?

आणि मग ठोकेरावांच्या मुलाने आणि सबुरीरावांच्या मुलीने आपलं आपण जमवून टाकलं. आनंदाचीच गोष्ट. पण लग्न ठरलं त्या बैठकीत कोणा वडीलधाऱ्याने सुनावलं, आता व्याही झालात, अरेतुरे शोभत नाही. दोघेही वळणाचे. ठोक्याचे 'अहो व्याही' झाले, सबुऱ्याचे 'अहो व्याहीबुवा'. अहो म्हणून भांडता कसं यावं? आणि भांडण गेलं तसं बोलणंही आटलं. नातीच्या वाढदिवसाला भेटायचे, तब्येत विचारायचे, हवा कशी आहे ते सांगायचे, आणि एकमेकांच्या ताटलीकडे बघत बसायचे.

हे सगळं आठवायला कारण तिसऱ्या आवृत्तीवरचं बाईंचं पत्र. 'बाकी ठीक दिसतं. पॅकेटची लांबी कार्डाला कळवणारी ओळ मात्र मला पटत नाही. नक्की चूक आहे असं म्हणवत नाही, पण पटत नाही. तुमचं कार्ड थोरला आधी ठेवतं. काही जुनी मशिनंही थोरला आधी ठेवतात. तशा मशीनवर कोणी चालवून पाहिलं आहे का? कोणी पाहून नावानिशी सांगितलं तर मीही नाव देईन. या खेपेला नवं काही आत घ्यायचं दार पुढच्या आठवड्याअखेर बंद होतं.'

तसलं जुनं मशीन सबुरीरावांना ठाऊक असलेलं एकच. ठोकेरावांच्या घरामागच्या शेडमध्ये, मेणकापडाखाली.

"मग फोन करा," बायको म्हणाली.

"कसा करू? मुलीचं सासर आहे ते."

"म्हणजे तिथं फोन लागत नाही?"

शेवटी ते स्वतःच गेले. विहीणबाईंनी दार उघडलं, ठोकेराव लगबगीने शर्टाचं बटण लावत बाहेर आले.

"या, या! कशाला तसदी घेतलीत? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"छे छे, तसदी कसली. तब्येत बरी ना?"

"कृपा आहे. तुमच्या डोळ्याचं काय?"

"चाललंय. हवा जरा बदललीय, नाही?"

हवेचं सगळं बोलून झाल्यावर सबुरीरावांनी चाचरत विषय काढला. कार्डाचं नाव ऐकताच ठोकेरावांचे डोळे क्षणभर लकाकले. पण लगेच त्यांनी स्वतःला आवरलं आणि हात जोडल्यासारखं करत म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ना व्याहीबुवा? मग तपासायचं काय त्यात? तुमचं काम म्हणजे सोनं. लिहा बिनधास्त माझं नाव."

"नाही, म्हणजे, चालवून पाहिलं असतं तर..."

"अहो, तुमच्या कामावर शंका घ्यायची? मला शोभेल का ते?"

सबुरीराव आभार मानून घरी आले. बूट न काढताच खुर्चीत बसले.

"नाव दिलं नाही का त्यांनी?"

"दिलं."

"मग तोंड असं का? जिंकलात की!"

"बघितलंच नाही गं त्यानं. एक ओळसुद्धा नाही. सोनं म्हणाला." त्यांनी एका बुटाची नाडी सोडली. "पूर्वी म्हणायचा, गवत उगवलंय."

बायकोने शिवणयंत्र थांबवलं. "मग जा आणि भांडा."

"मुलीच्या सासऱ्याशी?"

"मुलगी लग्न करून गेलीय तिथं. ओलीस नाही ठेवलेली."

चौथी आवृत्ती तयार होती. सबुरीरावांनी तिच्याखाली 'मी तपासलं' ही ओळ ठोकेरावांच्या नावानिशी टंकली. नाव छान दिसत होतं. दार बंद व्हायला आलं होतं, आणि ही एक ओळ गेली की कार्डं वाचणार होती. त्या अनोळखी बाईंनी नाव बघून विश्वास ठेवला असता. त्यांनी ठेवला असता, हीच तर अडचण होती. सबुरीरावांनी एकेक अक्षर मागे घेत ती ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा व्याह्यांच्या दारात उभे. या वेळी हातात पिशवी, पिशवीत कार्ड आणि लॅपटॉप.

"तुमचं नाव परत करायला आलोय," ते म्हणाले.

"का हो? काही चुकलं आमचं?"

"न बघता दिलेली साक्ष मला नको. तिकडं कोण कुठल्या बाई, ना ओळख ना पाळख, त्यांनी माझी ओळ न् ओळ वाचली. आणि तुम्ही वाचली नाहीत."

"मी आपला मान ठेवला तुमचा."

"मान नको मला!" सबुरीरावांचा आवाज चिरकला. मग त्यांनी जन्मभराची सबुरी बाजूला ठेवली आणि जे बोलायचं नाही तेच बोलले. "आणि खरं सांगू? मुळात तुमचं कार्डच उलटं आहे. ते सरळ असतं तर ही वेळच आली नसती."

ठोकेरावांचे कान लाल झाले. त्यांनी एकदा आत स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा सबुरीरावांकडे पाहिलं.

"उलटं?"

"उलटं."

"उलटं काय? जग उलटं आहे! तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो. आण इकडं ते कार्ड. आण म्हणतो ना! तुझा तो दुभाष्या काय दिवे लावतो ते बघतोच मी."

शेडमध्ये तारा चिकटवायच्या डाखाचा जुना ओळखीचा वास होता. मेणकापड निघालं, धूळ उडाली, ठोकेरावांनी पेराने मशीनच्या कपाळावर ठोकलं. मशीन खोकलं, घरघरलं आणि बऱ्याच वेळाने जागं झालं. कार्ड बसवलं. केबलचं दुसरं टोक लॅपटॉपला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच "हां" निघालं.

पण पलीकडे काही पोचेना. लहान पॅकेट पाठवलं, गडप. थोडं मोठं पाठवलं, गडप.

"केबल," सबुरीराव म्हणाले.

"केबलला दोष देऊ नकोस. एकेक बाइट वाढवत पाठव."

यंत्र एकेक बाइट वाढवत पाठवू लागलं. दोघे गुडघ्याला गुडघा लावून पडद्याकडे बघत बसले. बराच वेळ सगळी गडप. आणि अचानक एक पोचलं. लांबी दोनशे सत्तावन्न. त्यापुढचंही पोचलं, पण मागे कचऱ्याची लांबलचक शेपटी लावून. आणखी थोडं पुढे गेल्यावर पुन्हा सगळी गडप.

"दोनशे सत्तावन्नात असं काय आहे?" सबुरीराव पुटपुटले.

ठोकेरावांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला.

"दोनशे छप्पन अधिक एक! थोरल्या तुकड्यात दोनशे छप्पनचा गट एक, धाकट्यात उरलेला एक. उलटा केला तरी तोच आकडा. म्हणून तेवढाच धड पोचला. बाकी सगळे तू उलटे करून धाडतोयस!"

"उलटे करायलाच हवेत की, तुझ्या कार्डाला..."

"अरे गाढवा! हे मशीनही थोरलाच आधी ठेवतं! हे आणि माझं कार्ड एकाच भाषेतले. दोघांना एकमेकांचं कळतंय, आणि तुझा दुभाष्या मध्ये घुसून उलटं सांगतोय. कशाला?"

सबुरीरावांनी ओळ शोधली. बाकी सगळीकडे बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी कर्नलची स्वतःची रीत वापरली होती. ती गरज असेल तरच आकडा उलटते. ही एक ओळ मात्र माडीवरच्या दिवसांतली होती, डोळे झाकून उलटवणारी. नेहमीच्या मशीनवर ती कधीच चुकली नसती. या कार्डाशी बोलायचं म्हणजे उलटं करायचं, हे हाताला इतकं बसलेलं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बाईंना नेमकी हीच ओळ पटली नव्हती.

"सवयीनं," ते म्हणाले.

"गाढवच आहेस तू!"

आरडाओरडा ऐकून विहीणबाई धावत आल्या. हात ओले, चेहरा पांढराफटक. "काय झालं? मुलांचं काही बिनसलं का?"

"मुलांचं काय बिनसायचंय? हा गाढव आहे, एवढंच!"

विहीणबाईंनी भीतभीत सबुरीरावांकडे पाहिलं. सबुरीराव हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, त्या मोतीबिंदूच्या डोळ्यातूनसुद्धा.

"आलात बाई एकदाचे वळणावर," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

एका ओळीची दुरुस्ती. त्यानंतर लहान, मोठी, सगळी पॅकेटं पोचली. पण ठोकेराव आता थांबतात कसले? त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. "हे काय? इथं गवत. इथंही गवत. हे बाईंनी कसं सोडलं?" त्यांनी तिथल्या तिथे आणखी दोन खऱ्या चुका काढल्या, आणि एक खोटी, जिच्यावरून संध्याकाळपर्यंत वाद चालला.

चौथी आवृत्ती ठोकेरावांच्या शेडमधून गेली. काय बदललं ते सांगणाऱ्या मजकुरात सबुरीरावांनी सरळ लिहिलं: लांबीची ओळ चुकीचीच होती, बाईंची शंका खरी होती, चूक कार्ड बनवणाऱ्यानेच पकडली. खाली 'मी तपासलं', ठोकेरावांचं नाव.

बाईंचं उत्तर लवकर आलं. आधी त्यांच्या नावाची ओळ. मग एक प्रश्न: पुढे या ड्रायव्हरची काळजी कोण घेणार? कर्नलच्या यादीत नाव लागतं, नावाशिवाय घेता येत नाही. आणि शेवटी, 'दोनशे सत्तावन्नची गोष्ट मी आमच्याकडे सगळ्यांना सांगितली.'

"दोघांची घालू," सबुरीराव फोनवर म्हणाले.

"घाल. पण माझं वर. थोरला आधी."

"सव्वा महिन्यानं मोठा आहेस फक्त!"

"मोठा तो मोठा."

ड्रायव्हर आत घेतल्याचं पत्र पुन्हा त्या यंत्राकडूनच आलं, तेवढंच कोरडं. सबुरीरावांनी ते आधी बायकोला वाचून दाखवलं, मग अभियंता बाईंना कळवलं. कपाटं आता जागची हलणार नव्हती.

पुढे काही दिवसांनी एका अनोळखी माणसाचं पत्र आलं, त्या दोघांच्या नावे. तुमच्या ड्रायव्हरमधली एक तपासणी दोनदा होते, एक काढून टाकतो, चालेल का? कोण, कुठला, माहीत नाही. कार्ड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, तसं त्यानेच लिहिलं होतं. सबुरीरावांनी चष्मा पुसून पत्र पुन्हा उघडलं. आपण बांधलेल्या घरातला वाकडा खिळा कोणी वाटसरू सहज सरळ करून जातोय, असं काहीसं त्यांना वाटलं.

मग त्यांनी ते ओळीओळीने वाचलं. काम चांगलं होतं. फक्त वरच्या ओळी उतरत्या क्रमाने नव्हत्या. ते सांगावं की सोडून द्यावं, बिचाऱ्याला वाईट वाटेल का, यात त्यांचा चहा गार झाला. अखेर त्यांनी फोन उचलला.

"ठोक्या, ते मशीन सुरू कर. मी निघालोच."

"माझ्याकडंही आलंय ते पत्र. बरं लिहिलंय पोरानं, चालून जाईल."

"चालवून बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही," सबुरीराव म्हणाले आणि पिशवी शोधू लागले.

"टेबलाखाली आहे," शिवणयंत्रामागून बायको म्हणाली.